फेअरी क्वीन, मिरजेचं शेड आणि चबुतऱ्यावर गंजणारी इंजिनं

रुकडीकर

हरियाणातल्या रेवाडीचं वाफेच्या इंजिनांचं शेड बघून आलोय. तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

शेड १८९३ सालचं. वाफेची इंजिनं बंद झाली तसं ओस पडलं होतं, रेल्वेनं डागडुजी करून २००२ मध्ये पुन्हा उघडलं. आत पाऊल टाकलं की आधी तेलाचा वास येतो. तिथली काही इंजिनं अजून वाफ धरतात. कनेक्टिंग रॉडवर, म्हणजे चाकं फिरवणाऱ्या पोलादी दांड्यावर, बोट फिरवलं तर बोटाला तेल लागतं. ही साधी गोष्ट, पण आपल्याकडच्या चबुतऱ्यावरच्या कुठल्याही इंजिनाला असं बोट लावून बघा, हाताला चंदेरी रंगाचे पापुद्रे येतील.

फेअरी क्वीन या जुन्या वाफेच्या इंजिनाची जन्मकथा बऱ्याच जणांना माहीत असेल, तरी सांगतो. माझा मुद्दा तिच्या आयुष्यातूनच निघतो. इंजिन १८५५ चं. इंग्लंडात लीड्सला किटसन, थॉम्पसन अँड ह्युइटसनच्या कारखान्यात बनलं आणि जहाजानं कलकत्त्याला आलं. ईस्ट इंडियन रेल्वेनं त्याला २२ नंबर दिला. 'फेअरी क्वीन' हे नाव मिळालं १८९५ मध्ये, म्हणजे पहिली चाळीस वर्षं ते नुसत्या नंबरावर राबलं. वजन जेमतेम २६ टन. पुढे एक लहान चाकांची जोडी, मागे एक, आणि मध्ये ओढणाऱ्या चाकांची एकच जोडी, सहा फूट व्यासाची. बाहेरच्या बाजूला दोन सिलिंडर, १२ इंच व्यासाचे. पाण्याची टाकी खाली चौकटीच्या पोटात. हावडा ते राणीगंज हलक्या मेल गाड्या ओढल्या, १८५७ च्या उठावात सैन्य वाहिलं, पुढे बिहारात लाईन टाकायच्या कामावर गेलं आणि १९०९ मध्ये निवृत्त झालं. ५४ वर्षं नोकरी.

त्यानंतर ३४ वर्षं हावडा स्टेशनबाहेर चबुतऱ्यावर. १९४३ मध्ये उत्तर प्रदेशात चंदौसीच्या रेल्वे प्रशिक्षण शाळेत, शिकाऊ पोरांना दाखवायला. १९७२ मध्ये राष्ट्रीय ठेवा म्हणून मान मिळाला, १९७७ पासून दिल्लीच्या रेल संग्रहालयात. मग चेन्नईजवळच्या पेरांबूरच्या लोको कारखान्यानं ते उघडून परत चालतं केलं. १८ जुलै १९९७ ला ८८ वर्षांनी ते पुन्हा मेन लाईनवर धावलं आणि त्याच वर्षी ऑक्टोबरपासून दिल्ली ते अलवर असा १४३ किलोमीटरचा प्रवास करू लागलं. १९९८ मध्ये गिनीज बुकात नोंद झाली, नियमित चालणारं जगातलं सगळ्यात जुनं वाफेचं इंजिन म्हणून.

२०११ मध्ये याच इंजिनाचे महत्त्वाचे भाग चोरीला गेले. पुन्हा पेरांबूर, पुन्हा कित्येक महिन्यांची दुरुस्ती, आणि डिसेंबर २०१२ मध्ये पुन्हा रुळावर.

माझं म्हणणं असं. जे इंजिन ८८ वर्षं थंड पडून होतं ते जिवंत झालं, कारण पेरांबूरला ते खोलून बसवणारे हात शिल्लक होते. ते हात आजही आहेत का, आणि आणखी पंचवीस वर्षांनी असतील का, हा जतनाचा खरा प्रश्न आहे. रंग मारून, कुंपण घालून, पाटी लावून इंजिन उभं केलं की आपण जबाबदारीतून सुटल्यासारखे वागतो. मला ते अजिबात पटत नाही. तुम्हाला काय वाटतं?

हिशोबनीस

रुकडीकर दादा, छान लिहिलंय. पण मी जरा उलट बाजू मांडतो. इंजिन चालतं ठेवायचं म्हणजे बॉयलर, कोळसा, पाणी, प्रशिक्षित माणसं, दरवर्षीची तपासणी. प्रवासी गाड्या ओढणारी डब्ल्यूपी वर्गाची ७५५ इंजिनं आपल्याकडे धावली, मालगाड्यांची डब्ल्यूजी तर २,४५० होती. यातली बहुतेक भंगारात वितळली. जी थोडी वाचली ती कुणीतरी 'चला, स्टेशनसमोर उभं करू' म्हटलं म्हणून वाचली. चबुतरा नसता तर त्यांच्या सळ्या झाल्या असत्या. फेअरी क्वीनसुद्धा हावड्याच्या चबुतऱ्यानंच वाचवली, हे तुमच्याच लिहिण्यात आहे.

रुकडीकर

मान्य, शंभर टक्के मान्य. हावड्याला उभं केलं नसतं तर १९०९ मध्येच भट्टीत गेलं असतं. चबुतरा वाईट असं मी म्हणत नाही. चबुतऱ्यावर ठेवून विसरणं वाईट.

मिरज_जंक्शन

माझे वडील मिरजेच्या शेडला फायरमन होते, मीटरगेजवर, म्हणजे दोन रुळांत एक मीटर अंतर असलेल्या लाईनीवर. म्हणून थोडं लिहितो.

नवीन पोरांना सांगायला हवं की आपली कोल्हापूरची लाईन मुळात मीटरगेज. कोल्हापूर संस्थानानं आपल्या खर्चानं बांधली. १८८८ मध्ये शाहू महाराजांच्या हस्ते कामाचा प्रारंभ झाला, तेव्हा महाराज पुरते चौदा वर्षांचेही नव्हते. १८९१ मध्ये गाडी सुरू झाली. चालवायला सदर्न मराठा रेल्वेकडे होती. मिरज, जयसिंगपूर, हातकणंगले, रुकडी, वळिवडे, कोल्हापूर. रुकडीजवळ पंचगंगेवरचा पूल. १९७१ मध्ये ब्रॉडगेज झाली, म्हणजे ऐंशी वर्षं या मार्गावर एक मीटरचीच गाडी.

आणि मिरजेला तर तिन्ही गेज एका आवारात होते. बार्शी लाईट रेल्वेची अडीच फुटी लाईन १९२७ मध्ये मिरजेला पोचलेली, बंगलोरकडची मीटरगेज नव्वदीच्या दशकापर्यंत होती, आणि ७१ पासून ब्रॉडगेज. मी लहानपणी पुलावर उभा राहून तिन्ही इंजिनांच्या शिट्ट्या डोळे मिटून ओळखायचो.

वडील सांगायचे, लोकांना वाटतं फायरमनचं काम म्हणजे कोळसा ढकलायचा. तसं नाही. आग पातळ आणि सारखी ठेवायची, कुठे ढीग नको, कुठे भोक नको. भोक पडलं की थंड हवा थेट ट्यूबमध्ये, म्हणजे बॉयलरच्या पाण्यातून जाळ नेणाऱ्या नळ्यांत, शिरते, ट्यूबची टोकं आकसतात आणि गळायला लागतात. चढ यायच्या आधी आग तयार हवी, चढावर येऊन कोळसा टाकला तर उशीर झालेला असतो. धुराड्याकडे बघून आगीची तब्येत कळते. काळा धूर म्हणजे कोळसा जास्त, हवा कमी. अगदीच धूर नाही म्हणजे आग पातळ झाली. फिकट करडा धूर हवा. हे त्यांना कुणी पुस्तकातून शिकवलं नव्हतं. ड्रायव्हरनं दोन-चार वेळा झापलं आणि डोळ्याला समजलं.

रुकडीकर, तुम्ही हातांबद्दल लिहिलंत ते म्हणून मला लागलं. वडील गेले तेव्हा ही समज त्यांच्याबरोबर गेली. मला ऐकून माहीत आहे, करून माहीत नाही.

चिपाड_भट्टी

रामराम मंडळी. मी साखर कारखान्यात फर्स्ट क्लास बॉयलर अटेंडंट हुतो, आता रिटायर. इंजिन चालवलं न्हाई कधी, पण बॉयलर मात्र आयुष्यभर हाताळलाय, तवा माझंबी ऐका.

मिरजकर, तुम्ही म्हणता ती आगीची समज आपल्या कारखान्यांत अजून हाय बघा. चिपाड जाळायचं काय, कोळसा जाळायचा काय, हवा आणि जाळ यांचा मेळ तोच. आणि इंजिनाच्या बॉयलरचं दडपण काय लई न्हाई. डब्ल्यूपीचं चौरस इंचाला २१० पौंड, म्हंजे चौरस सेंटिमीटरला पावणेपंधरा किलोच्या आसपास. आमच्या जुन्या बॉयलरांचं २१ किलो असायचं, आता नव्या को-जनला, म्हंजे कारखान्यातल्या वीजनिर्मितीला, ६७ आणि ८७ किलोचे बसत्यात. फरक कुठं हाय, तर इंजिनाचा बॉयलर हलतो. चढ-उताराला आतलं पाणी पुढंमागं पळतं. फायरबॉक्सच्या, म्हंजे जाळाच्या पेटीच्या, माथ्यावर पाणी कायम पाहिजे, ते उघडं पडलं की लोखंड लाल हुतं आणि दडपणाखाली खचतं. म्हणून तर माथ्याला फ्युजिबल प्लग, आत शिसं भरलेला. पाणी खाली गेलं की शिसं वितळतं आणि वाफ आगीवर सुटती. शिसं वितळतंय ३२७ डिग्रीला. तो प्लग वितळला म्हंजे फायरमनची अब्रू गेली, असं आमचे जुने मास्तर म्हणायचे.

गेज ग्लासचा, म्हंजे बॉयलरातलं पाणी दाखवणाऱ्या काचेच्या नळीचा, भरवसा धरू नका, दर पाळीला ग्लास मारून बघा, म्हंजे कॉक उघडून नळीतलं पाणी सोडून बघा, हे मी पोरांना शंभरदा सांगितलंय. ग्लासात पाणी दिसतंय म्हंजे बॉयलरात हाय असं न्हवं. नळी चोंदली की जुनं पाणी तिथंच थांबतं आणि माणूस फसतो.

आता जतनाचं. माझा अनुभव असा, चालणारा बॉयलर वर्षं-वर्षं टिकतो आणि बंद ठेवलेला चार वर्षांत जातो. सीझन संपला की आम्ही बॉयलर एकतर पूर्ण कोरडा करायचो, आत चुन्याचे खडे ठेवून झाकणं आवळायची, न्हाईतर औषध घालून काठोकाठ भरून ठेवायचा. अर्धवट वला ठेवला की संपलं. चबुतऱ्यावरच्या इंजिनाचा बॉयलर अर्धवट वलाच असतो, पावसाळ्यात धुराड्यातनं पाणी आत जातंय की सरळ.

शाहूपुरी_पाचवी_गल्ली

चिपाड_भट्टी काका, नमस्कार. मी मेकॅनिकलला तिसऱ्या वर्षाला आहे. आमच्या अभ्यासात रँकिन सायकल, म्हणजे वाफेपासून शक्ती मिळवायचं गणित, आहे, पण फ्युजिबल प्लग प्रत्यक्ष कुणी दाखवला नाही. एक विचारायचं होतं, धुराड्यातून पाणी गेलं तर नेमकं काय होतं? तिथे फक्त स्मोकबॉक्स, म्हणजे धुराड्याखालची धुराची पेटी, असतो ना, बॉयलरचं पाणी तिथे नसतं.

चिपाड_भट्टी

बरोबर विचारलंस पोरा. स्मोकबॉक्सच्या तळाला राख आणि काजळी साठलेली असती. कोळशात गंधक असतंय. त्या राखेवर पावसाचं पाणी पडलं की त्याचं आम्ल तयार हुतं आणि तळाचा पत्रा खातं. वरनं रंग चकाचक, आतनं हात घातला तर पत्रा बिस्किटागत मोडतो. तीच गत ट्यूबच्या टोकांची.

रुकडीकर

काकांनी नेमकं बोट ठेवलं. रेवाडीला जाणकारांशी बोलताना आणखी काही जागा कळल्या, त्या इथं टाकतो.

बॉयलरभोवती जे पत्र्याचं आवरण दिसतं ते बॉयलर नव्हे. त्याच्या आत उष्णता धरून ठेवणारं भरण असतं. सांध्यातून पाणी आत झिरपलं की ते भरण स्पंजासारखं ओलं राहतं आणि बॉयलरचा पत्रा सतत भिजत राहतो. बाहेरून वर्षानुवर्षं काही कळत नाही. आणि जुन्या भरणात ॲसबेस्टॉस असू शकतं, त्यामुळे उत्साहाच्या भरात कुणी ते हातानं उपसू नये. फुप्फुसाला घातक आहे, त्याला शिकलेलीच माणसं लागतात.

दुसरी जागा चाकांचे अक्ष. वर्षानुवर्षं एकाच जागी उभं राहिलं की धुऱ्यावरचं तेल खाली निथळतं, धूळ आणि ओल शिरते, आणि ज्या ठिकाणी वजन टेकलेलं असतं तिथे खड्डे पडतात. जमलं तर वर्षातून एकदा तरी इंजिन थोडं पुढे-मागे सरकवावं. चबुतऱ्यावरचे रूळ इंजिनाच्या लांबीएवढेच टाकतात, तिथेच घोळ होतो. चार मीटर जास्त टाकले असते तर काय बिघडलं असतं?

तिसरी गोष्ट चोरी. इंजेक्टर, गेज, शिट्टी, नळ्या, सगळं पितळ-तांबं. फेअरी क्वीनसारखं देशाचा मान असलेलं इंजिन जर यातून सुटलं नाही, तर एखाद्या उद्यानातल्या इंजिनाचं काय होत असेल?

आणि एक. कनेक्टिंग रॉडला रंग मारू नका हो! ते मुळात घासून लखलखीत ठेवायचं पोलाद. चंदेरी रंग फासला की त्याखाली गंज आरामात वाढतो आणि घडवणाऱ्याची कारागिरी दिसेनाशी होते. मी आपल्याच भागात एका ठिकाणी बघितलं, फायरबॉक्सचं दार वेल्डिंग करून बंद केलेलं. आत कचरा टाकतात म्हणून. मला दोन दिवस जेवण गोड लागलं नाही.

पॅटर्नवाली

दादा, आमचं उद्यमनगरात पॅटर्न शॉप आहे, म्हणजे ओतकामासाठी लाकडी नमुने करायचं, सासऱ्यांपासूनचं. या चर्चेत आमच्या धंद्याचं काहीच आलं नाही म्हणून लिहिते.

तुम्ही पेरांबूरच्या हातांबद्दल बोलताय. आपल्या कोल्हापुरात काय कमी हात आहेत? हे गाव ऑइल इंजिनावर वाढलं. बीड ओतणं, घासणं, बसवणं घराघरांत आहे. वाफेच्या इंजिनाचा सिलिंडर म्हणजे शेवटी बिडाचं कास्टिंग. जुना सिलिंडर फुटला, ड्रॉइंग नाही, कंपनी बंद होऊन शंभर वर्षं झाली, तरी अडत नाही. तुटक्या भागावरून माप घ्यायचं, लाकडाचा पॅटर्न करायचा, आत वाफेच्या वाटा यायला कोर बॉक्स, म्हणजे पोकळी राखणाऱ्या वाळूच्या गाभ्याचे साचे, करायचे. बीड थंड होताना आकसतं, फुटाला साधारण एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, म्हणून पॅटर्न तेवढा मोठा ठेवायचा. पितळेला दीड सूत. आमच्याकडे त्यासाठी वेगळ्या पट्ट्याच असतात, ज्यांच्यावरचा फूट मुळातच तेवढा मोठा आखलेला असतो. पोरं नवीन आली की हमखास साध्या पट्टीनं मापतात.

नुसती चीर गेली असेल तर नवीन ओतायचीही गरज नसते. बिडाला साधं वेल्डिंग केलं की शेजारी दुसरी चीर जाते. त्याऐवजी चिरेच्या आडवे टाके घालतात, भोकं पाडून त्यात धातूच्या पट्ट्या ठोकून बसवायच्या. गरम करावं लागत नाही, त्यामुळे कास्टिंग वाकत नाही.

आणि बेअरिंग. सासरे बॅबिट, म्हणजे बेअरिंगच्या आतला मऊ धातू, ओतायचे ते मी बघितलंय. धातू वितळला की त्यात लाकडाची काडी बुडवायची. काडी पेटली तर जास्त तापलाय, पांढरीच राहिली तर कमी, तांबूस करपली की ओतायचा. मग शाफ्टला खुणेचा निळा रंग लावायचा, बेअरिंग फिरवायचं, जिथे निळं लागेल तिथे स्क्रॅपरनं खरवडायचं. सगळीकडे सारखं निळं उमटेपर्यंत. एक जोडी बसवायला त्यांचा अख्खा दिवस जायचा आणि तेवढ्यात कुणी मध्ये बोललं तर चिडायचे. आता हे काम करणारे सत्तरीच्या पुढचे आहेत. आमच्या गल्लीत तर सासऱ्यांनंतर कुणी राहिलंच नाही.

हिशोबनीस

ताई, वाचून थक्क झालो. पण मग माझा पुढचा प्रश्न. सिलिंडर नवीन ओतला, बेअरिंग नवीन, ट्यूब नवीन, उद्या फायरबॉक्सही नवीन. मग ते १८५५ चं इंजिन राहिलं का? संग्रहालयवाले म्हणतात मूळ धातू जपा, एकही मूळ रिव्हेट काढू नका. त्यांचंही खोटं नाही. चालवलं की झीज होणार, बदललं की मूळ जाणार.

मिरज_जंक्शन

हिशोबनीस, इंजिन नोकरीत असतानाही हेच चालायचं. वडील सांगायचे, ट्यूबा बदलायच्या, चाकांवरचे पोलादी टायर बदलायचे, मोठ्या दुरुस्तीला गेलेल्या इंजिनाला कारखान्यात दुसऱ्याच इंजिनाचा बॉयलर बसवून पाठवायचे. नंबर तोच राहायचा. १९०९ मध्ये निवृत्त झालेल्या फेअरी क्वीनमध्येसुद्धा सगळं १८५५ चं असणं शक्य नाही. दुरुस्ती हा इंजिनाच्या आयुष्याचाच भाग.

रुकडीकर

मला वाटतं दोन्ही हवं, आणि कुठल्या इंजिनाला काय हे आधी ठरवावं. ज्या जातीचं एकच शिल्लक आहे ते छपराखाली, कोरडं, न चालवता ठेवा आणि प्रत्येक भागाची मापं, फोटो, ड्रॉइंग करून ठेवा. ज्या जातीची बरीच आहेत, उदाहरणार्थ मीटरगेजची वायपी आणि वायजी, ती चालवा. वायपी ८७१ बनली, वायजी हजारावर, आणि चित्तरंजनच्या कारखान्यात बनलेलं शेवटचं वाफेचं इंजिन वायजीच, १९७२ चं. चालवताना बदललेला मूळ भाग फेकू नका, चिठ्ठी लावून जपून ठेवा, आणि नवीन भागावर साल कोरा. शंभर वर्षांनी येणाऱ्याला जुनं कुठलं, नवं कुठलं ते कळायला हवं.

मिरज_जंक्शन

राहून गेलं ते सांगतो. फेअरी क्वीन लीड्सच्या किटसनची. आपल्या बार्शी लाईटची पहिली इंजिनंही त्याच किटसनची! त्या रेल्वेच्या इंजिनिअर एव्हरार्ड कॅलथ्रॉपनं ती अशी करून घेतली की कुठल्याही अक्षावर पाच टनांपेक्षा जास्त वजन येऊ नये, म्हणजे हलक्या, स्वस्त रुळांवर जड गाडी ओढता येईल. १८९७ मध्ये कुर्डुवाडी-बार्शी सुरू झाली. पुढे याच लाईनीनं पिढ्यान् पिढ्या वारकरी पंढरपूरला पोचवले. आषाढीला छतावर माणसं असायची. फेअरी क्वीनइतकाच मान त्या इंजिनांना मिळायला हवा, असं मला फार वाटतं.

शाहूपुरी_पाचवी_गल्ली

१८५७ वरून आठवलं. तिकडे हे इंजिन सैन्य वाहत होतं, त्याच वर्षी जुलैमध्ये आपल्या कोल्हापुरात २७ वी पलटण उठली होती आणि पुढे छत्रपतींचे भाऊ चिमासाहेब महाराजांना कराचीला नेऊन ठेवलं. त्या इंजिनामागून जे सैनिक गेले ते आपल्यासारख्यांनाच दाबायला गेले, हेही पाटीवर लिहायला हवं.

बाकी, पॅटर्नवाली काकू, तुमच्या शॉपमध्ये सुट्टीत येऊन शिकता येईल का? आम्ही चार-पाच जण आहोत. चिपाड_भट्टी काकांकडूनही ग्लास मारायला शिकायचंय.

पॅटर्नवाली

जरूर या. दिवाळीनंतर काम जरा कमी असतं. मोबाईल खिशात ठेवायचा आणि पायात बूट हवेत, चप्पल चालणार नाही. बॅबिट ओतून दाखवणारे एक आजोबा आहेत, त्यांना मी विचारते. पण त्यांना आदल्या दिवशी सांगावं लागतं आणि सकाळीच बोलवावं लागतं.

चिपाड_भट्टी

पोरांनो या. माझी पेन्शन चालू हाय, वेळच वेळ हाय. जुना गेज ग्लास आणि एक वितळलेला प्लग घरात जपून ठेवलाय, तो दाखवतो.

हिशोबनीस

एक व्यवहाराचं विचारतो. समजा उद्या कुठल्याही चबुतऱ्यावरच्या इंजिनाची काळजी घ्यायला रेल्वेनं परवानगी दिली, तर कमीत कमी खर्चात सुरुवात कुठून करायची?

रुकडीकर

सगळ्यात आधी धुराड्यावर पत्र्याची टोपी. मग स्मोकबॉक्सचं दार उघडून राख पूर्ण काढायची आणि आत कोरडं करून तेलाचा हात द्यायचा. ॲशपॅनमध्ये, म्हणजे जाळाखालच्या राखेच्या तसराळ्यात, पाणी साठत असेल तर निचऱ्याला वाट करायची. रॉडवरचा रंग उतरवून ग्रीस. वर छप्पर, बाजू उघड्या असल्या तरी चालतील, वारा खेळायला हवा. ताडपत्री गच्च गुंडाळू नका, आत घाम धरतो. टोपी आणि राख काढणं या दोन गोष्टी एका रविवारात होतात.

चिपाड_भट्टी

आणि वॉशआउट प्लग, म्हंजे बॉयलर धुवायच्या भोकांची बुचं, काढून बॉयलरच्या तळात पाणी हाय का बघा. असलं तर सगळं सोडा, मग चुना ठेवून बंद करा. चुना दर पावसाळ्याआधी बदलायचा, फुगून पीठ झालेला तसाच ठेवू नका.

पॅटर्नवाली

टोपीचं माप पाठवा. पत्रा आमच्याकडे पडून आहे.